प्रोफाइल आहे, पोस्ट आहेत, मग फोन का येत नाही?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. चाकणच्या एका ऑटो कंपोनंट कंपनीत क्वालिटीमध्ये चौदा वर्षं काढून तुम्ही नोकरी सोडलीत आणि आता एकट्याने कन्सल्टिंग करता. छोट्या व्हेंडरांना आयएटीएफ १६९४९ (वाहन उद्योगाचं गुणवत्ता मानक) साठी तयार करणं, पीपॅपचे, म्हणजे नव्या पार्टला कस्टमरची मंजुरी मिळवायचे कागद करून देणं, कस्टमर ऑडिटची तयारी करून घेणं, अशी कामं. लिंक्डइनवर प्रोफाइल केलंय, चार महिने रोज पोस्ट टाकताय, लाइकही मिळतात. हातात दोन कामं आहेत, पण दोन्ही जुन्या ओळखीतली. लिंक्डइनवरून एकही नाही. म्हणून विचारताय, की प्रीमियम घ्यावं, पोस्ट वाढवाव्यात, की हे माध्यमच आपल्या धंद्याचं नाही.

मी एनर्जी ऑडिटर आहे. नाशिकला सातपूर, अंबड, सिन्नर या भागातल्या कारखान्यांची वीजबिलं आणि कॉम्प्रेस्ड एअर बघते, दहाएक वर्षं, एकटीच. तुमच्या क्षेत्रातलं मला व्हेंडरांच्या केबिनमध्ये बसून जेवढं कानावर पडतं तेवढंच कळतं. पण गिऱ्हाईक तुमचं-माझं एकच आहे, त्यामुळे त्याच्याबद्दल बोलू शकते.

पोस्ट किती टाकायच्या हा नंतरचा प्रश्न. तुमचं प्रोफाइल कोणी वाचावं हेच ठरलेलं नाही, घोडं तिथे अडलंय. आत्ता ते एचआरने वाचावं असं लिहिलंय: पदं, वर्षं, प्रशिक्षणं, ‘टीम प्लेअर’. नोकरी शोधताना ते ठीक होतं. आता वाचणारा बदलला, मजकूर तोच राहिला.

आता तो वाचणारा कोण ते बघू. भोसरीत चाळीस माणसांचं मशीन शॉप चालवणारा मालक लिंक्डइनवर असतो का? खातं असतं, पुतण्याने काढून दिलेलं, पण तो ते उघडत नाही. त्याचा दिवस व्हॉट्सॲपवर आणि फोनवर जातो. ‘कन्सल्टंट हवा’ असं तो कुठे शोधत बसत नाही, टूलिंगवाल्याला किंवा शेजारच्या गाळ्यातल्या मित्राला विचारतो. म्हणजे तुम्ही रोज ज्याच्यासाठी पोस्ट लिहिताय तो ती बघतच नाही. लाइक देणारे बहुतेक तुमच्यासारखेच क्वालिटीवाले असणार. यादी उघडून नावं वाचा, माझं म्हणणं पटेल.

पण त्या मालकाला कन्सल्टंटची गरज कधी लागते ते बघा. कस्टमरच्या लाइनवर त्याचा पार्ट अडला, डेबिट नोट (नुकसानीचे पैसे कापल्याची चिठ्ठी) आली, एट-डी रिपोर्ट, म्हणजे दोषाचं मूळ कारण आणि उपाय सांगणारा अहवाल मागितला, तो दोनदा परत आला. तेव्हा कस्टमरचा एसक्यूए इंजिनिअर, म्हणजे व्हेंडरांची गुणवत्ता बघणारा माणूस, वैतागून म्हणतो, “अहो, कुणीतरी माणूस घ्या यासाठी.” मालक विचारतो, “कोण आहे?” हा एसक्यूए इंजिनिअर मात्र लिंक्डइनवर असतो, रोज असतो. परचेसवाला असतो. तुमचे जुने सहकारी, जे आज तीन वेगळ्या कंपन्यांत व्हेंडर सांभाळतात, तेही असतात. त्यांच्या तोंडी तुमचं नाव आलं की मालक ते नाव फोनवर टाइप करतो, आणि तुमचं प्रोफाइल त्याला पहिल्यांदा तेव्हा दिसतं. म्हणजे एकाच पानाला दोन कामं करायची आहेत. एसक्यूएच्या लक्षात तुम्हाला ठेवायचं, आणि नाव ऐकून आलेल्या मालकाला अर्ध्या मिनिटात खात्री द्यायची, की हा माणूस माझ्याच दुखण्यावरचा आहे.

इथे एक सांगून ठेवते. एसक्यूए इंजिनिअर अधिकृतपणे कुणाची शिफारस करू शकतो की नाही हे त्याच्या कंपनीच्या धोरणावर आहे. बरेच जण दोन-तीन नावं सांगून बाजूला होतात, आणि ते योग्यच आहे. त्याला ‘रेफरल’चे पैसे कधीही देऊ नका, दिवाळीच्या पाकिटातूनसुद्धा नाही. उद्या ते बाहेर आलं तर त्याची नोकरी जाते आणि तुमचं नाव कायमचं जातं. चाकण-भोसरी पट्टा दिसतो तेवढा मोठा नाही.

हे सगळं तुमचा व्हेंडर छोटा आहे असं धरून लिहिलं. तुम्हाला मोठ्या टिअर-वन (थेट गाड्या बनवणाऱ्यांना माल देणाऱ्या) कंपन्या हव्या असतील किंवा जर्मनीला माल पाठवणारे निर्यातदार, तर तिथले प्लँट हेड आणि क्वालिटी हेड स्वतः लिंक्डइनवर असतात आणि शोधतातही. मग पोस्टचं महत्त्व वाढतं. आणि हाच प्रश्न एखाद्या वकिलाने किंवा सीएने विचारला असता तर मी आधी त्यांच्या परिषदेचे नियम वाचायला सांगितलं असतं, कारण या दोन्ही व्यवसायांत जाहिरात करून पक्षकार किंवा अशील मिळवण्यावर बंधनं आहेत. तुम्हाला तसा अडसर नाही.

आता तुमच्या पानाकडे येते. सगळ्यात आधी फोटोभोवतीचं ते ‘ओपन टू वर्क’चं हिरवं वर्तुळ काढा. नोकरी सोडल्यावर लावलं असेल, राहून गेलं. पण मालक ते बघून काय म्हणेल? याला नोकरी हवी आहे, मिळाली की माझं काम अर्धवट टाकून जाईल. त्याऐवजी ‘सर्व्हिसेस’चा भाग भरा. तो फुकट आहे, आणि तुम्ही कोणती सेवा देता ते नावाखाली दिसतं.

मग हेडलाइन. आत्ता तिथे ‘फाउंडर अँड सीईओ’, त्यापुढे फर्मचं नाव आणि ‘पॅशनेट अबाउट क्वालिटी’ आहे. एकट्या माणसाने सीईओ लिहिलं की वाचणारा मनात हसतो, आणि फर्मचं नाव त्याला माहीत नसतं. हेडलाइनला २२० अक्षरं मिळतात, पण मोबाइलवर शोधताना किंवा तुमच्या एखाद्या कमेंटखाली त्यातले सुरुवातीचे थोडेच शब्द दिसतात. म्हणून कामाचा शब्द पहिला. इंग्रजीतच लिहा, कारण शोधणारा ‘पीपॅप कन्सल्टंट पुणे’ असंच शोधतो. अर्थ साधारण असा असावा: ‘पीपॅप आणि कस्टमर ऑडिटची तयारी, मशीनिंग व प्रेस शॉप व्हेंडरांसाठी, पुणे-चाकण’. त्यानंतर जागा उरली तर चौदा वर्षांचा अनुभव. ‘मशीनिंग व प्रेस शॉप’ लिहिल्याने फाउंड्रीवाला सुटेल अशी भीती वाटेल. सुटू द्या. तो आला तर तुम्ही त्याला नाही म्हणणार नाहीच, पण प्रेस शॉपवाल्याला ‘हा आमच्यातला’ असं वाटणं जास्त मोलाचं आहे.

‘१००% सर्टिफिकेशन गॅरंटी’ हे बॅनरवरचं वाक्य आजच उडवा. सर्टिफिकेट सर्टिफिकेशन बॉडी देते, तुम्ही नाही, आणि हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. एसक्यूए इंजिनिअरने ते वाचलं की तुमचं नाव पुढे सांगायला तो कचरेल.

आता ‘अबाउट’, इथे मी जरा थांबणार आहे. एकूण २,६०० अक्षरं लिहिता येतात, पण ‘सी मोअर’ दाबायच्या आधी वरच्या दोन-तीन ओळीच दिसतात. तुमच्या त्या ओळींत ‘डायनॅमिक प्रोफेशनल विथ प्रूव्हन ट्रॅक रेकॉर्ड’ आहे. आणि मजा अशी, की तुम्ही मला विचारलेल्या प्रश्नात अगदी सहज एक वाक्य लिहून गेलात: बहुतेक व्हेंडरांकडे एफएमईएत (काय बिघडू शकतं त्याच्या तक्त्यात) एक लिहिलेलं असतं, कंट्रोल प्लॅनमध्ये (काय, कसं तपासायचं त्या तक्त्यात) दुसरं आणि मशीनवर लटकवलेल्या कागदावर तिसरंच, आणि ऑडिटर नेमका तिथेच बोट ठेवतो. हे वाक्य तुमच्या प्रोफाइलवर कुठेच नाही! ज्याने व्हेंडरकडे उभं राहून काम केलंय त्यालाच ते सुचतं. तीच पहिली ओळ करा. दुसऱ्या ओळीत, मी हे तीन कागद आणि प्रत्यक्ष मशीन एका रेषेत आणून देतो, एवढंच.

त्याखाली काम कसं चालतं ते लिहा. पहिल्या भेटीत काय बघता, एका पार्टच्या पीपॅपला साधारण किती आठवडे लागतात, व्हेंडरकडून कोण माणूस पूर्णवेळ लागतो, तुम्ही काय करत नाही. शेवटचा मुद्दा लोक लिहित नाहीत, पण माझ्या अनुभवात विश्वास त्यानेच बसतो. माझ्या प्रोफाइलवर स्पष्ट लिहिलंय की मी कोणत्याही कंपनीचे कॉम्प्रेसर किंवा कपॅसिटर विकत नाही आणि कुणाकडून कमिशन घेत नाही. फोन करणारे बरेच जण त्या ओळीचा उल्लेख करतात.

दर लिहायचे का? मी लिहीत नाही, कारण कारखान्याचा लोड बघितल्याशिवाय आकडा सांगणं माझ्या कामात शक्य नाही. तुमचं ‘एका पार्टचं पीपॅप’ हे मोजता येणारं काम आहे, त्यामुळे ‘पासून’ असा आकडा देता येईल. दिला तर नुसती चौकशी करणारे कमी होतील. न देताही चालतं.

फोन नंबर आणि ईमेल ‘अबाउट’च्या शेवटी मजकुरातच टाका. ‘कॉन्टॅक्ट इन्फो’त भरलेलं सहसा तुमच्याशी जोडलेल्यांनाच दिसतं, आणि आपला मालक जोडलेला नाही, कधी कधी लॉगिनसुद्धा केलेला नसतो. सेटिंगमध्ये जाऊन सार्वजनिक प्रोफाइल काय काय दाखवतं तेही एकदा तपासा. प्रोफाइलच्या लिंकमध्ये नावापुढे आलेले आकडे काढून ती सुटसुटीत करा. फोटो शॉप फ्लोअरवरचा, चेहरा दिसणारा. बस.

शिफारसी, म्हणजे ‘रेकमेंडेशन्स’, यांच्यावर वेळ घाला. ‘स्किल्स’वर मिळणारे एंडॉर्समेंट कुणीही कुणालाही देतं, ते कोणी बघत नाही. लेखी शिफारशीखाली मात्र देणाऱ्याचं नाव आणि हुद्दा दिसतो. तुमच्या हातात आत्ता दोन कामं आहेत, त्या दोन्ही मालकांकडून मागा. “माझ्याबद्दल चार शब्द लिहा” असं म्हणालात तर ‘हार्डवर्किंग, सिन्सिअर’ असं येतं, किंवा काहीच येत नाही. त्याऐवजी प्रश्न विचारा: मी यायच्या आधी काय अडलं होतं, आम्ही मिळून काय बदललं, आता काय वेगळं आहे. मालक फोनवर मराठीत सांगेल, तुम्ही ते लिहून त्याला व्हॉट्सॲप करा, त्याने दुरुस्त करून स्वतःच्या खात्यातून टाकावं. त्याचं खातं बंद पडलेलं असेल तर पुतण्याला बोलवा. मराठीतच टाकली तरी हरकत नाही, भोसरीत ती जास्त खरी वाटते.

पोस्टबद्दल. रोज नको. रोजच्या पोस्टमध्ये तुम्हाला सोमवारची प्रेरणा आणि जागतिक गुणवत्ता दिनाच्या शुभेच्छा टाकाव्या लागतात, कारण रोज सांगण्यासारखं कुणाकडेच नसतं. आठवड्याला एक, नाहीतर पंधरवड्याला एक. पण अशी, की वाचणाऱ्याने उद्या कारखान्यात जाऊन करून बघावी.

माझं उदाहरण देते. मी एकदा एवढंच लिहिलं होतं: साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी सगळ्या मशीन बंद ठेवा, हवेची कुठलीही जोडणी काढू नका, फक्त कॉम्प्रेसर चालू करा आणि घड्याळ घेऊन उभे राहा. कुणीच हवा वापरत नाही, तरी तो मध्ये मध्ये लोड घेत, म्हणजे हवा भरायला लागत असेल तर ती हवा गळतीतून जातेय. तो दोन मिनिटं लोडवर आणि चार मिनिटं अनलोडवर (हवा न भरता) राहत असेल, तर क्षमतेचा एक तृतीयांश भाग नुसता गळतोय. सूत्र सोपं आहे, लोडचा वेळ भागिले एकूण वेळ. त्या पोस्टला लाइक फारसे नव्हते. पण मेंटेनन्सच्या लोकांनी ती आपापल्या ग्रुपवर टाकली, आणि अंबडच्या एका कारखान्यातून फोन आला तो थेट “आमचा निम्म्याच्या वर आलाय, बरोबर मोजलं का?” असा. त्यांना काय करायचं ते मी फुकट सांगितलं होतं. बोलावलं ते गळत्या शोधायला आणि पाइपलाइनची मांडणी बदलायला.

तुमच्याकडे असा माल भरपूर असणार. गेज आरअँडआर (मोजायच्या साधनाची आणि मोजणाऱ्याची चूक किती, याची चाचणी) ३० टक्क्यांच्या वर आला तर गेज फेकून देण्याआधी काय तपासावं. एट-डीमध्ये मूळ कारण म्हणून ‘ऑपरेटरचा निष्काळजीपणा’ लिहिलं की तो परत का येतो. पीपॅप लेव्हल तीन (नमुने आणि पूर्ण कागदपत्रं) मागितला की व्हेंडर हमखास कोणता कागद विसरतो. सगळं ज्ञान फुकट दिलं तर आपल्याला कोण विचारेल, ही शंका तुम्ही काढली आहे. विचारतात. चाळीस माणसांच्या शॉपमध्ये पद्धत माहीत नसल्याने काम अडत नाही, ते करायला बसणारा माणूस नसल्याने अडतं.

पोस्टपेक्षा कमेंटचा उपयोग मला जास्त झालाय. व्हेंडरांवर वैतागलेल्या एसक्यूए मंडळींच्या पोस्टखाली मुद्द्याचं, चार ओळींचं उत्तर द्या. ‘व्हेरी वेल सेड सर’ नको. तुमच्या कमेंटसोबत तुमची हेडलाइन दिसतेच, वेगळी जाहिरात लागत नाही.

फोटो टाकताना मात्र डोळ्यात तेल घालून बघा. व्हेंडरकडे ट्रेनिंग घेतानाचा फोटो, मागे फळ्यावर कस्टमरचं नाव आणि या महिन्याचा रिजेक्शन पीपीएम (दहा लाखांत किती पार्ट नापास). टेबलावर ड्रॉइंग उघडं. टॅगवर पार्ट नंबर. असे फोटो मी सर्रास बघते, आणि त्यातल्या प्रत्येकाने त्या व्हेंडरला कस्टमरसमोर अडचणीत आणलेलं असू शकतं. व्हेंडरचं नाव लेखी परवानगीशिवाय नको, ‘तळवड्यातलं एक प्रेस शॉप’ एवढं पुरतं. तुमच्या जुन्या कंपनीशी केलेला करारही पुन्हा काढून वाचा. नोकरी सोडल्यावर धंदाच करायचा नाही, असं बंधन करार कायद्याच्या कलम २७ पुढे सहसा टिकत नाही. पण गोपनीयतेची अट टिकते. त्यांचे फॉरमॅट, त्यांची व्हेंडर यादी तुमच्या लॅपटॉपवर असेल तर ती वापरू नका. शंका असेल तर वकिलाला दाखवा.

ओळखी वाढवण्यात एकच गोष्ट करा. नोकरीत असताना ज्यांच्याशी खरोखर काम पडलं त्यांची वहीत यादी करा: सहकारी, व्हेंडरांचे सुपरवायझर, दुसऱ्या कंपन्यांचे एसक्यूए, ट्रेनिंगला भेटलेले. त्यांना जोडा. फुकट खात्यावर महिन्याला मोजक्याच आमंत्रणांसोबत चिठ्ठी जोडता येते, ती या लोकांसाठी ठेवा. मजकूर साधा: “नमस्कार साहेब, नोकरी सोडून आता व्हेंडरांची पीपॅप आणि ऑडिट तयारीची कामं स्वतंत्रपणे घेतो. कुणाला गरज लागली तर नाव लक्षात असू द्या.” अनोळखी माणसाने आमंत्रण स्वीकारताच त्याला सेवांची पीडीएफ पाठवायची, हे लोक करतात आणि ब्लॉक होतात.

प्रीमियमचं उत्तर आता सोपं आहे. सध्या नको. प्रोफाइल कोणी पाहिलं याची पूर्ण यादी आणि अनोळखी लोकांना मेसेज, हे दोन्ही तुम्हाला आत्ता लागत नाही. टिअर-वन कंपन्यांकडे वळलात की महिनाभर घेऊन बघा. ‘महिन्याला वीस लीड’ देणाऱ्या एजन्सींचे मेसेज तुम्हाला येत असतील, ते पैसे पेट्रोलला ठेवा. आठवड्यातून एक दिवस भोसरी-तळवडे फिरा, लघुउद्योजक संघटनेच्या किंवा मराठा चेंबरच्या कार्यक्रमाला जा. तिथे भेटलेला माणूस घरी जाऊन तुमचं नाव शोधेलच.

चार महिने कमी की जास्त? तुमच्या कामाला तारीख असते. सर्टिफिकेटचं चक्र तीन वर्षांचं, मधे सर्व्हेलन्स ऑडिट, आणि डेबिट नोट कधी येईल ते कुणालाच माहीत नाही. पोस्ट वाचून कुणाला गरज निर्माण होत नाही. गरज पडेल त्या दिवशी नाव आठवावं लागतं. मला विचाराल तर वरचे बदल करून एक पूर्ण वर्ष द्या, आणि लाइक मोजण्याऐवजी फोन करणाऱ्या प्रत्येकाला विचारा, “माझं नाव कुठून मिळालं?” वहीत लिहीत जा. ‘अमक्याने सांगितलं, मग लिंक्डइनवर बघितलं’ अशी उत्तरं यायला लागली की पान काम करतंय.

फोन आला की लगेच कोटेशन पाठवू नका. कस्टमरच्या तक्रारीची किंवा डेबिट नोटची प्रत मागा, सध्याचा कंट्रोल प्लॅन मागा, आणि ऑडिटची तारीख विचारा. हे तीन मागितले की समोरच्याला कळतं की आपण योग्य माणसाशी बोलतोय, आणि तुम्हाला कळतं की तो खरंच काम करून घेणार आहे की नुसते दर गोळा करतोय. तारीख आठवड्यावर आली असेल तर काम घेऊ नका. आधी कस्टमरकडून तारीख पुढे मिळते का ते विचारा म्हणावं, आणि मिळाली की परत फोन करा.